वारा पडला की जागे व्हा

डिसेंबरात सकाळी सहा-साडेसहाला पुनावळ्यातल्या आमच्या बाराव्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. खाली पवनेच्या अंगाला एखाद्या बांधकामाच्या साइटवर वॉचमनने शेकोटी पेटवलेली असते. फळकुटं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, मिळेल ते. धूर सरळसोट वर चढतो, चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत येतो आणि डोक्यावर कुणी हात ठेवावा तसा तिथेच थांबतो. मग आडवा पसरायला लागतो. अर्ध्या तासात नदीवर, शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगवर, हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक निळसर चादर पडते. आमच्या मजल्यावर हवा स्वच्छ, ऊन कोवळं. खाली सिक्युरिटी केबिनमधला माणूस खोकतोय. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की ती चादर कुणी ओढून घ्यावी तशी नाहीशी होते.

बायको म्हणते, "काय छान दिसतंय!" दिसतंय खरंच छान. मला मात्र ते बघून चाकणची नाइट शिफ्ट आठवते. या पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टीचं काम केल्यावर माणसाची नजर अशी बिघडते.

एरवी जमिनीपासून जसजसं वर जावं तसतशी हवा गार होत जाते. खालची गरम हवा वर चढते, वरची खाली येते, आणि या घुसळणीत धूर, वास, वायू, सगळं पातळ होऊन जातं. थंडीतल्या निरभ्र रात्री हे गणित उलटं होतं. जमीन भराभर गार पडते, तिच्या लगतची हवाही गार पडते आणि वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं. हवामानवाले याला तापमान विपरीतता म्हणतात. त्यात पुणे परिसर बशीसारखा, भोवती डोंगर. रात्री उतारावरची गार, जड हवा घरंगळत नदीपात्राकडे येते आणि तिथेच साचते. पवनेकाठी असो की इंद्रायणीकाठी, पहाटेचं धुकं जिथे रेंगाळतं तिथे गळालेला वायूही रेंगाळणार, हे धरून चालावं.

कारखान्यात हवामानाचा धोका म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वादळ येतं. पत्रे उडाले, झाड पडलं, वीज कडाडली. त्याची काळजी घ्यायलाच हवी, पुढे त्याविषयी लिहितो. पण ज्यांच्या आवारात क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, आहेत, अमोनियाचा रेफ्रिजरेशन प्लांट आहे, एलपीजीची टाकी आहे किंवा सॉल्व्हंटचे टँकर रिकामे होतात, त्यांनी सर्वांत जास्त घाबरावं ते शांत हवेला. ज्या रात्री मोबाइलवर चांदण्याचं चित्र दिसतं आणि खाली 'आकाश निरभ्र' असं लिहिलेलं असतं, त्या रात्रीला.

भोपाळची ती रात्र, २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली, अशीच होती. थंड, निरभ्र आणि वारा अगदी मंद. सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट टाकीतून बाहेर पडलं. हवेपेक्षा जड असलेला तो वायू वर जाऊन विरला नाही, जमिनीला धरून झोपलेल्या वस्तीत शिरला. जयपूरला २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा इथल्या तेल डेपोत पेट्रोल गळायला लागलं तेव्हाही वारा जवळजवळ पडलेला होता. गळती सुरू झाल्यापासून स्फोटापर्यंत तासाभराहून अधिक वेळ गेला आणि तेवढ्यात पेट्रोलची वाफ आवारभर साचत राहिली. बरा वारा असता तर ती विरली असती. स्फोटात आणि आगीत ११ माणसं गेली. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेलसाठ्यात ११ डिसेंबर २००५ ला झालं तेही याच जातीचं: थंडीची पहाट, स्तब्ध हवा, जमिनीलगत पसरलेला वाफेचा ढग.

शांत हवेमुळे गळती होत नाही. गळती होते ती गंजलेल्या पाइपामुळे, चुकीच्या गॅस्केटमुळे, झोपाळलेल्या हातांमुळे. पण तीच गळती दुपारी दोन वाजता झाली तर कुंपणाच्या आत संपू शकते आणि पहाटे तीन वाजता झाली तर शेजारच्या गावात पोचते. म्हणून तर गळतीचा वाईटात वाईट हिशेब मांडताना जगभर वाऱ्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आणि हवा सर्वांत स्थिर धरतात. दीड मीटर म्हणजे आपण बाजारात चालतो तो वेग. त्या वेगाने निघालेला ढग अकरा मिनिटांत एक किलोमीटर जातो. अकरा मिनिटांत आपल्याकडे शिफ्ट इन्चार्जला फोन लागतो, फार तर.

*

आता मोबाइलचं बघू. हवामानासाठी ॲप आहे की, हे उत्तर मला दर ऑडिटमध्ये मिळतं. ॲप वाईट नाही. पण ते कुठलं हवामान सांगतंय, हे विचारावं. भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून सगळे 'शिमला ऑफिस' म्हणतात आणि चौकालाही तेच नाव पडलं आहे. पुण्याचं तापमान म्हणून आपण पेपरात वाचतो ते बहुधा तिथलं. आपल्या बाजूला चिंचवडला स्वयंचलित केंद्र आहे, त्याचे आकडे जास्त कामाचे. पण निघोजे, खराबवाडी, सावरदरी किंवा म्हाळुंग्यात तुमच्या शेडमागे, टाकीपाशी, या क्षणी वारा कुठून येतोय हे चिंचवड सांगू शकत नाही. एका बाजूला भामचंद्राचा डोंगर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची नवी तीस मीटर उंच शेड, मधे रस्त्याचा खोलगट पट्टा. वारा तुमच्या गेटवर वळण घेतो.

खात्याचा अंदाज आणि आवारातलं निरीक्षण ही दोन वेगळी कामं आहेत. अंदाजावरून उद्याचं नियोजन करायचं: क्रेन बोलवायची का, पत्र्यांचं काम काढायचं का, टँकर कधी बोलवायचा. निरीक्षणावरून पुढच्या पंधरा मिनिटांचा निर्णय घ्यायचा. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की घोळ होतो.

निरीक्षणाचं पहिलं साधन विंडसॉक. तीन-चार फुटांची कापडी नळी, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची. एवढं स्वस्त आणि एवढं दुर्लक्षित उपकरण कारखान्यात दुसरं नसेल. उन्हानं विटून राखाडी झालेला, खांबाला गुंडाळी मारून बसलेला, तोंडाची रिंग गंजून फिरायची थांबलेला, असे विंडसॉक मी इतके पाहिलेत की त्यांचं प्रदर्शन भरवता येईल. एका ठिकाणी तर तो नव्या गोदामाच्या मागे गेला होता. गोदाम बांधताना कुणाच्या लक्षातच आलं नाही की आता तो फक्त कावळ्यांना दिसतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कारखान्यात मी नवा होतो. अमोनिया गळतीचं मॉकड्रिल होतं, जानेवारीतल्या सकाळी. मी हौसेनं कॉम्प्रेसर रूमबाहेर धुराची कांडी पेटवली, भोंगा वाजला, सगळे शिस्तीत पश्चिमेच्या गेटजवळच्या असेंब्ली पॉइंटकडे निघाले. आणि धूर आमच्यासोबत निघाला. आम्ही रांगा लावून हजेरी घेतोय, धूर आमच्यामधून फिरतोय. लोक हसत होते, कुणी फोटोही काढले. मला घाम फुटला होता. नंतर जुने कागद काढून बघितले तर असेंब्ली पॉइंट ठरला होता जुलै महिन्यात. तेव्हा वारा पश्चिमेचा, त्यामुळे पश्चिम गेट अगदी योग्य. थंडीत सकाळी वारा असलाच तर बहुतेक पूर्वेच्या अंगानं येतो, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या कागदावर माझ्या आधीच्या तीन सेफ्टी ऑफिसरांच्या सह्या होत्या आणि चौथी माझी.

तेव्हापासून माझा हट्ट आहे की असेंब्ली पॉइंट किमान दोन हवेत आणि ते आवाराच्या समोरासमोरच्या बाजूंना हवेत. कुठे जायचं हे भोंग्यानंतरच्या घोषणेत सांगायचं, आणि सांगताना वाऱ्याचं नाव आधी घ्यायचं: "वारा पूर्वेकडून. सगळे दोन नंबरच्या पॉइंटवर या." ज्याला घोषणा ऐकू आली नाही त्याने विंडसॉककडे बघायचं. म्हणून विंडसॉकही एक पुरत नाही. कामाच्या प्रत्येक जागेवरून एक तरी दिसला पाहिजे, रात्री त्यावर दिवा हवा आणि कापड वर्षातून एकदा तरी बदललंच पाहिजे.

एक गोष्ट नव्या मुलांना दरवेळी समजावावी लागते. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, पश्चिमेला जाणारा नव्हे. विंडसॉकचं रुंद तोंड जिकडे, तिकडून वारा येतो. शेपूट जिकडे, तिकडे वायू जाणार. ढगात सापडलात तर शेपटीच्या दिशेनं पळायचं नाही आणि ढगातून सरळ तोंडाकडेही जायचं नाही. वाऱ्याला आडवं चालून आधी ढगाच्या बाहेर पडायचं, मग वळून तोंडाच्या बाजूला जायचं. भोपाळमध्ये असंख्य लोक वाऱ्यासोबतच पळाले, पळताना धापा टाकत जास्त वायू आत घेत गेले.

आणि विंडसॉक लटकत असेल तर? तो निकामी झालेला नाही. तो त्या रात्रीची सगळ्यांत महत्त्वाची बातमी सांगतोय.

*

मोठ्या कारखान्यांनी आवारात स्वतःचं छोटं हवामान केंद्र लावावं. हल्ली ते अवघड राहिलेलं नाही. लावण्याची जागा मात्र विक्रेत्यावर सोडू नका, तो जिथे वायर कमी लागेल तिथे लावतो. वाऱ्याचं यंत्र जमिनीपासून दहा मीटरवर आणि जवळच्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या दहापट लांब, असा नियम आहे. चाकणच्या दाटीत तो पाळता येत नाही. मग निदान आवारातल्या सर्वांत उंच छपराच्याही बऱ्यापैकी वर खांब न्या, आणि कूलिंग टॉवर, चिमणी, एक्झॉस्ट यांच्यापासून दूर ठेवा. दिशादर्शकावरची उत्तरेची खूण खरोखर उत्तरेला आहे का ते एकदा स्वतः तपासा. ती वाकडी बसवणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. फिरत्या वाट्यांच्या यंत्रात कोळ्याची जाळी होतात, चाकणची धूळ बेअरिंगमध्ये बसते. तीन महिन्यांनी शिडी लावून बघायला माणूस नेमा. यंत्राला यूपीएस हवा, कारण अपघाताच्या वेळी पहिली जाते ती वीज. स्क्रीन मॅनेजरच्या केबिनमध्ये नको, रात्री जो जागा असतो त्याच्यासमोर हवा.

थोडं विषयांतर. एका कंपनीच्या मासिक अहवालात मला दर महिन्याला दक्षिणेचा वारा दिसायचा. पुण्यात इतका दक्षिणेचा वारा? शोध घेतला तर एक हुशार मुलगा दिशेचे अंश एक्सेलमध्ये घालून सरासरी काढत होता. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचेच वारे. त्यांची सरासरी एक्सेल देतं १८०, म्हणजे ठार दक्षिण! दिशेची सरासरी अशी काढत नाहीत. अहवालावर वरिष्ठांची 'उत्तम' अशी टीप होती.

तापमान विपरीतता ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. एकाच खांबावर दोन मीटरवर एक आणि दहा मीटरवर एक असे दोन तापमापक लावा, दोन्हींना उन्हापासून आडोसा करा. रात्री वरचा खालच्यापेक्षा जास्त दाखवायला लागला की झाकण बसलं. तेही नसेल तर डोळे आहेत. शेजारच्या कारखान्याच्या चिमणीचा किंवा शेकोटीचा धूर आडवा पसरतोय का, धुकं जमिनीला धरून आहे का, दूरच्या कुरुळी फाट्यावरचे हॉर्न नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू येताहेत का. गार हवेच्या थरात आवाजही लांब जातो. पोलाद कापणाऱ्या मशीनच्या गोंगाटात हे शेवटचं लक्षण सापडायचं नाही, पण गेटवरच्या माणसाला ते नक्की कळतं.

आता खरा मुद्दा. आकडा मिळाला, पुढे काय? मी पाहिलेल्या निम्म्या केंद्रांचे आकडे सुंदर रंगीत आलेखात साठत असतात आणि त्यावरून कुणी काही करत नाही. म्हणून एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून कंट्रोल रूम आणि गेट दोन्हीकडे लावा: अमुक दिसलं की तमुक थांबवायचं, आणि थांबवण्याचा अधिकार कुणाचा. अधिकार त्या क्षणी हजर असलेल्याचाच हवा. रात्री अडीचला प्लांट हेडला उठवून परवानगी मागायची असेल तर कुणी मागत नाही.

माझ्या कागदावर पहिली ओळ अशी असते: विंडसॉक पडलेला असेल आणि सूर्य मावळलेला असेल, तर टँकर खाली करायचा नाही, टनर बदलायचा नाही, अमोनियाच्या लाइनला हात लावायचा नाही. ही कामं सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांतच करा. तेव्हा जमीन तापलेली असते, हवा घुसळत असते, दिसतं चांगलं आणि माणसंही जागी असतात. उत्पादन थांबतं, डिस्पॅच ओरडतो, हे मला माहीत आहे. साठ्याचं नियोजन एक दिवस आधी केलं तर थांबत नाही.

क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. एलपीजीही हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. वारा नसला की असे वायू उतार शोधतात, पाण्यासारखे. त्यामुळे वाऱ्यासोबत उताराचाही नकाशा हवा: केबल ट्रेंच, गटार, वजनकाट्याचा खड्डा, तळघरातलं पार्किंग. अमोनिया तसा हलका, पण द्रवरूपात गळाला की दमट हवेत त्याचं थंडगार धुकं बनतं आणि तेही काही काळ जमिनीवरच सरपटतं. 'अमोनिया वर जातो' या पाठांतरावर विसंबू नका.

ऋतूंप्रमाणे हा कागद बदलावा लागतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा, नैर्ऋत्येकडे झुकलेला वारा, सलग आणि जोरकस. वायू विरतो, पण लांबवर एकाच बाजूला जातो. त्या बाजूला कोण राहतं ते माहीत हवं. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी घाटावरून पश्चिमेचा वारा सुटतो, आणि वळवाचा ढग आला की तोच वारा पाच मिनिटांत दिशा फिरवतो, झोडपतो, पुन्हा पडतो. अशा संध्याकाळी दुपारच्या दिशेवर भरवसा ठेवून बाहेर पडू नका.

*

वळीव म्हटला की वीज आलीच. मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर ६ ऑक्टोबर २०१७ ला डिझेलच्या टाकीला लागलेली आग वीज पडून लागल्याचं सांगण्यात आलं, आणि ती विझवायला काही दिवस लागले. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेनं, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांनीच, 'दामिनी' हे ॲप तयार केलं आहे. आसपास वीज पडत असली की ते सांगतं. ते प्रत्येक शिफ्ट इन्चार्जच्या फोनवर असावं. जोडीला जुना हिशेब: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आला तर टाकीवरचा माणूस खाली, टँकरचा होज बंद, पत्र्यावरचं काम बंद, क्रेनचा बूम खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत. उत्साही लोक पाऊस थांबला की लगेच वर चढतात.

क्रेन आणि पत्र्यांबाबत एवढंच लक्षात ठेवा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. क्रेनची मर्यादा तिच्या लोड चार्टवर लिहिलेली असते. ऑपरेटरच्या अनुभवाला ती विचारू नका.

पाऊस स्वतः फारसा धोकादायक नसतो, तो साचला की होतो. टाकीभोवतीची संरक्षक भिंत, जिला सगळे डाइक म्हणतात, ती टाकी फुटली तर माल अडवायला असते. वीस बाय पंधरा मीटरच्या डाइकमध्ये शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे तीस हजार लिटर पाणी. जुलैत एका रात्रीत एवढं साचू शकतं, आणि मग टाकी फुटली की माल पाण्यावर तरंगत भिंतीवरून बाहेर जातो. पाणी रोज काढा, पण काढताना उभे राहा. डाइकचा व्हॉल्व्ह पावसाळाभर उघडाच ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा भिंत असून नसल्यासारखी. नदीकाठच्या युनिट्सनी धरणातून पाणी सोडण्याच्या सूचना बघत राहाव्यात. पवनेला पाणी आलं की रिकामे ड्रम पहिले तरंगतात, गळक्या झाकणांसह. आणि जनरेटर उंचावर घ्या. टेक्सासमधल्या क्रॉस्बीत ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळात पुराच्या पाण्याने वीज आणि जनरेटर दोन्ही गेले, शीतगृहं बंद पडली आणि थंड ठेवायची पेरॉक्साइडं आपोआप पेटली.

पेरॉक्साइड म्हणजे दूरचं काही नाही. भोसरी-चाकणला फायबरचं काम करणाऱ्या प्रत्येक छोट्या शेडमध्ये हार्डनरचे कॅन असतात, ते पेरॉक्साइडच. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीनला, वरच्या फळीवर, किती तापमान असतं? कुणी मोजत नाही. बाहेरचं चाळीस हे उत्तर नव्हे, पत्र्याखाली ते त्याच्या खूप वर असतं. दिवसातलं कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक त्या फळीवरच ठेवा आणि कॅनवर लिहिलेली मर्यादा ओलांडते का बघा. तापमापक कुठे आहे यावरच सगळं ठरतं. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनची वाफ सुटून १२ जण गेले. त्या टाकीचं तापमान फक्त तळाशी मोजलं जात होतं. वरचा माल तापत होता आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं.

*

हे सगळं कारखान्यातल्यांसाठी झालं. पण पुनावळ्यात, ताथवड्यात, रावेतमध्ये राहणाऱ्यांचं काय? आपल्याकडे रसायनांचे कारखाने नाहीत असं आपण म्हणतो. हायवे आहे की! ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्यात रात्री टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले, शेजारी उभ्या असलेल्या स्कूलबस जळाल्या. जानेवारी २०२४ मध्ये कासारवाडीच्या महापालिकेच्या जलतरण तलावात क्लोरीन गळाला आणि सकाळी पोहायला आलेल्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही ठिकाणं कुठल्याही कारखान्याच्या यादीत बसली नसती.

सोसायटीच्या गच्चीवर एक विंडसॉक लावा. गणपतीच्या वर्गणीतून उरतील तेवढ्या पैशांत होतं. उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास आला तर खाली धावायचं नाही. खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, नाकातोंडावर ओला रुमाल, आणि जमलं तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. जड वायू बेसमेंटमध्ये आणि पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये साचणार. त्यामुळे गाडी काढून पळायचा बेत सगळ्यांत घातक. आधी बेसमेंट, मग अंडरपास, आणि तिथला ट्रॅफिक तर रोजचाच. गॅसचा वास असेल, म्हणजे जळणारा, तर लिफ्टचं बटण, बेल, दिवा कशालाही हात लावू नका. फोन ११२ ला, आगीसाठी १०१ ला. आणि सांगताना वारा कुठून येतोय तेही सांगा. अग्निशमनवाले त्यावरूनच कोणत्या रस्त्यानं यायचं ते ठरवतात.

एक हक्कही माहीत असू द्या. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम झाले. या नियमांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्यानं दर सहा महिन्यांनी मॉकड्रिल घ्यायचं असतं आणि अपघाताची झळ पोचू शकेल अशा बाहेरच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती द्यायची असते. कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी ती मागावी. मागताना एकच प्रश्न विचारा: थंडीतल्या रात्री वारा पडलेला असताना तुमचं ड्रिल कधी झालं होतं?

आमच्या कारखान्यात झालं, मागच्या वर्षी पहिल्यांदा. त्याआधी मी गेटवरच्या रजिस्टरला चार रकाने वाढवले होते: वेळ, वारा कुठून, विंडसॉक ताठ की अर्धा की पडलेला, शेरा. दर दोन तासांनी गार्डनं भरायचे. पहिले काही आठवडे सगळ्या ओळींत एकाच पेनाने, एकाच दमात 'पश्चिम, अर्धा, ओके' असं लिहिलेलं असायचं. मी रागावलो नाही, रात्री दोनला दोनदा स्वतः जाऊन त्याच्यासोबत उभा राहिलो. शेकोटीचा धूर दाखवला. नंतर अक्षर बदलत गेलं.

जानेवारीतल्या एका रात्रीची नोंद मी फोटो काढून ठेवली आहे. 'रात्री २.०५. वारा नाही. विंडसॉक पडलेला. धुकं गुडघ्याएवढं. सॉल्व्हंटचा टँकर आला, आत घेतला नाही, सकाळी दहाला सांगितलं.' आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'ड्रायव्हर लय चिडला. चहा दिला.'